ओट्यावर वाचायला ‘एकच प्याला’ की ‘वाडा चिरेबंदी’?

सोयाबीन घरात आलं, की वाचनालयाच्या ओट्यावर आम्ही दहाबारा जण नाटक वाचायला जमतो. पहिलं कोणतं घ्यायचं, यावर हमखास खडाजंगी.

राम गणेश गडकऱ्यांचं निधन १९१९ साली आपल्या विदर्भातल्या सावनेरला झालं, म्हणून ‘एकच प्याला’ आपलंच म्हणणारे बरेच. मोठ्यानं वाचायला आहेही झक्कास: तळीराम कुणीही वाचला तरी हशा पिकतो, आणि आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशात उशिरा आलेल्यालाही चार ओळी मिळतात. पण सुधाकराच्या लांबलचक भाषणांत नवख्याला धाप लागते. अन् पदं कोण म्हणणार? आम्ही गाळतो, झालं.

‘वाडा चिरेबंदी’ १९८५ चं. लेखक महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यातलं वऱ्हाडी वळण आमच्या जिभेला शिकवावं लागत नाही. भास्कर वाचणारे काका तर पुस्तकातून मान वर काढूनच बोलतात. अडचण शांततेची. विराम वाचायचा कसा? पुढचा घाईनं तोंड उघडतो आणि प्रसंग सांडतो. त्यामुळे रंगसूचना वाचायला वेगळा माणूस बसवावा. वाड्यापुढचा बंद पडलेला ट्रॅक्टर त्यानंच उभा करायचा.

गट नवा असेल तर मी आधी गडकरीच देईन, तेही निवडक प्रवेश. वाडा मात्र सलग, एका रात्रीत.