लिफ्ट किटच्या नावाखाली रंगवलेले जुने शॉकअप : पिकअप उंच करून घेणाऱ्यांसाठी

पिकअप गाडी उंच करण्यासाठी परदेशी बनावटीचे नवे सस्पेन्शन (लिफ्ट किट) बसवून देतो असे सांगून प्रत्यक्षात कोणाच्या तरी गाडीवरून उतरवलेले कंपनीचेच जुने शॉकअप रंगवून बसवण्याचा प्रकार माझ्या बाबतीत घडला असून त्यात माझे सुमारे ८५,००० रुपये गेले आहेत. गाडीची उंची ठरल्याप्रमाणे वाढत असल्यामुळे हा प्रकार पुष्कळ काळ लक्षात येत नाही. ज्यांनी असे काम करून घेतले आहे किंवा करून घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना आपल्या गाडीखाली नेमके काय बसले आहे हे तपासता यावे, यासाठी सर्व तपशील देत आहे.

माझ्याकडे २०१९ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. या गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन आडव्या आर्मनी धरणाऱ्या) पद्धतीचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग असते, तर मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, असतात. चंदगड तालुक्यात आमची काजूची बाग आहे. डांबरी रस्ता सोडल्यानंतरची वाट जांभ्या दगडाची असून पावसाळ्यात तिच्यावर खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. त्यामुळे दोन इंच उंची वाढवणे ही हौस नसून कामाची गरज होती. चौकशी केली तेव्हा दोन मार्ग समोर आले. पहिला मार्ग म्हणजे कंपनीचेच शॉकअप आणि स्प्रिंग नवे घालून उंची आहे तेवढीच ठेवणे. दुसरा म्हणजे बाहेरच्या कंपनीचे, वाढीव उंचीसाठीच बनवलेले स्प्रिंग, शॉकअप आणि पाटे असा पूर्ण संच घेणे.

पुण्याच्या बाजूला असे काम करणाऱ्या एका गॅरेजमालकाने दुसरा मार्ग मोठ्या आत्मविश्वासाने सुचवला. "साहेब, कंपनीचा शॉकअप डांबरी रस्त्यासाठी बनवलेला असतो, तुमच्या वाटेवर तो वर्षभर टिकणार नाही," असे सांगून त्याने एका नामांकित परदेशी कंपनीचे खोके दाखवले, त्यातील पिवळ्या रंगाची स्प्रिंग हातात दिली आणि संपूर्ण संचाची किंमत मजुरीसह सांगितली. गाडीचे उतरवलेले जुने भाग मी मागितले, तेव्हा ते भंगारातच जायचे आहेत, त्याबदल्यात मजुरीत सूट देतो, असे तो म्हणाला. हे वाक्य वाचकांनी नीट लक्षात ठेवावे, कारण या फसवणुकीचा सगळा कच्चा माल उतरवलेल्या जुन्या भागांतूनच येतो.

गाडी ताब्यात देताना त्याने टेप लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून दाखवले आणि ते खरोखरच दोन इंचांनी वाढलेले होते. मात्र उंची वाढली म्हणजे नवी स्प्रिंग बसली असे मुळीच नाही. अशा सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगसह शॉकअप लोअर आर्मच्या, म्हणजे खालच्या आर्मच्या, मधल्या भागावर टेकलेला असतो आणि चाक आर्मच्या टोकाला असते. त्यामुळे शॉकअपच्या डोक्यावर साधारण एक इंच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची चकती, म्हणजे स्पेसर, घातली की चाकापाशी जवळपास दोन इंच उंची मिळते. तो स्पेसर काही हजारांत मिळतो आणि बसवल्यावर चासीच्या कप्प्यात वर लपून जातो.

काही काळाने गाडीचे वागणे बदलले. हमरस्त्यावर वेग वाढला की स्टिअरिंग सतत सांभाळावे लागे, पुढच्या टायरची एक कड झिजू लागली आणि गतिरोधकावरून मागची चाके खाली उतरताना खट् असा स्पष्ट आवाज येऊ लागला. बागेतून पोती भरून आंबोली घाटातून येताना वळणावर गाडीची मागची बाजू डोलत असे आणि एका खड्ड्यानंतर ती दोन-तीनदा वरखाली झाल्याशिवाय थांबत नसे. गॅरेजमालकाला फोन केला असता, परदेशी शॉकअप रुळायला वेळ लागतो, असे उत्तर मिळाले. शॉकअपला रुळण्यासाठी असा वेळ लागत नसतो. खड्ड्यानंतरची हालचाल एका झोक्यात थांबवणे हेच त्याचे काम असते आणि नवा शॉकअप ते पहिल्या दिवसापासून करतो.

अखेर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पाटे आणि शॉकअपचेच काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी चाक काढले आणि दगड लागून जिथे पिवळा रंग उडाला होता तिथे बोट फिरवले. त्या खाली लोखंड दिसायला हवे होते, पण दिसला तो गुळगुळीत काळा रंग. थिनरमध्ये भिजवलेला बोळा त्यांनी शॉकअपच्या नळीवर घासला, तेव्हा पिवळा थर सालीसारखा निघून आला आणि आत कंपनीचा भाग क्रमांक व त्याच्याशेजारी २०१७ सालाचा शिक्का उमटलेला दिसला. "पाव्हणं, ह्ये परदेशातलं न्हाई, कंपनीचंच हाय, वरनं रंग मारलाय," एवढेच ते म्हणाले. गाडी २०१९ ची आणि शॉकअप २०१७ चा, याचा अर्थ तो माझ्या गाडीचाही नव्हता. कोणाच्या तरी गाडीवरून उतरवून ठेवलेला तो माल होता. माझ्या गाडीवरचे चांगल्या स्थितीतील शॉकअप आता आणखी कोणाच्या गाडीखाली पिवळे होऊन बसले असतील, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

स्प्रिंगची परीक्षा व्हर्नियरने, म्हणजे बारीक जाडी मोजण्याच्या साधनाने, झाली. कंपनीची नवी स्प्रिंग सुट्या भागांच्या दुकानातून मागवून दोन्हींच्या तारेची जाडी मोजली, तर ती तंतोतंत सारखी निघाली. वेटोळ्यांची संख्याही तीच. हा मुद्दा थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ग्राहकाला स्वतः करता येण्यासारखी ही सर्वांत पक्की तपासणी आहे. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. बाकीची मापे तीच ठेवून १४ मिलिमीटरची तार १५ मिलिमीटर केली, तर स्प्रिंग जवळपास एक तृतीयांशाने अधिक कडक होते. म्हणूनच अधिक वजन पेलणारी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्प्रिंगमध्ये तारेच्या जाडीत, वेटोळ्यांत किंवा मोकळ्या लांबीत मोजता येईल असा फरक असलाच पाहिजे. तिन्ही मापे कंपनीच्या स्प्रिंगशी जुळत असतील, तर तुम्ही पैसे रंगाचे दिले आहेत.

मागच्या बाजूला नवा पाट्यांचा संच देण्याचे कबूल केले होते. तिथे माझेच जुने पाटे काळा रंग देऊन ठेवले होते आणि त्यांत एक जादा पाटा सरकवला होता. त्याचा बाक इतरांशी जुळत नसल्यामुळे दोन पाट्यांमध्ये उजेड दिसत होता. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू बोल्टही जुनेच होते. यू बोल्ट एकदा पूर्ण आवळला की ताणला जातो आणि पुन्हा वापरल्यास तीच पकड देईल याची खात्री नसते, म्हणून पाट्यांचे काम करताना तो बदलण्याची पद्धत आहे. भरलेल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल त्या चार बोल्टांवर धरलेला असतो. त्यामुळे या ठिकाणची काटकसर मला चोरीपेक्षाही गंभीर वाटते. तो खट् आवाज मागच्या शॉकअपचा होता: मूळ उंचीसाठी बनवलेला शॉकअप वाढलेल्या उंचीवर जवळजवळ पूर्ण ताणलेल्या स्थितीतच उभा होता आणि चाक थोडे खाली गेले की तो आपल्या शेवटच्या टोकाला आपटत होता. पुढेही तेच झाले होते. चाक पूर्ण खाली लोंबले की बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारे फिरते सांधे) आणि अ‍ॅक्सलचे जॉइंट ठरलेल्या कोनाच्या बाहेर जात होते आणि एका बाजूचे रबरी बूट चिरले होते.

बाहेरचे सुटे भाग वाईटच असतात, असा याचा अर्थ घेऊ नये. कायम अवजड माल वाहणाऱ्या गाडीला वजन मोजून निवडलेले, चांगल्या कंपनीचे स्प्रिंग आणि पाटे मूळ भागांपेक्षा उपयोगी ठरू शकतात. परंतु ते संच म्हणूनच घ्यावे लागतात: वाढीव लांबीचे शॉकअप, त्यांना जुळणारे अप्पर आर्म, आवश्यक तिथे लांब ब्रेक होज, नवे यू बोल्ट आणि शेवटी छापील आकड्यांसह व्हील अलाइनमेंट. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार बदलणारा व्हॉल्व्ह चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दांडीने जोडलेला असतो. उंची वाढवून ती दांडी तशीच ठेवली, तर भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. हे काम करणाऱ्याने तुम्हाला गाडीत नेहमी किती वजन असते हे विचारलेच नसेल, तर त्याच्याकडे निवडण्यासारखे काही नाही, असे मी आता निश्चितपणे मानतो. इतका खर्च आणि इतके बदल झेपणार नसतील, तर कंपनीचे नवे शॉकअप घालून मूळ उंचीवर राहणे अधिक सुरक्षित आहे. मी तेच केले असून बागेच्या वाटेवरील उंचवटा मजूर लावून फोडून घेतला आहे.

माल घेताना खोक्यावरचा परदेशी कंपनीचा छाप पुरेसा समजू नये. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आयात केलेल्या किरकोळ विक्रीच्या मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष यांची माहिती असावी लागते. मला दाखवलेल्या खोक्यावर यांपैकी काहीही नव्हते. बिलावर "सस्पेन्शन काम" असे एकच वाक्य होते. खऱ्या बिलात प्रत्येक भागाचा क्रमांक स्वतंत्र ओळीत येतो; शॉकअप ८७०८ या आणि स्प्रिंग व पाटे ७३२० या जीएसटीतील मालाच्या वर्गवारी क्रमांकाखाली दाखवले जातात आणि विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. भाग बसवण्यापूर्वी प्रत्येक शॉकअपवरील क्रमांकाचे छायाचित्र काढावे, चाके काढलेल्या अवस्थेत गाडीपाशी स्वतः उभे राहावे आणि उतरवलेले भाग, कितीही सूट देऊ केली तरी, घरी आणावेत.

तक्रार करायला लोक का कचरतात, हेही सांगितले पाहिजे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातली आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे उंची वाढवण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे आवश्यकच आहे. मात्र फसवणारे याच भीतीचा फायदा घेतात. मी पैसे परत मागितले तेव्हा, "तक्रार केलीत तर आधी तुमचीच गाडी आरटीओत जाईल," असे मला तोंडावर सांगण्यात आले. माझ्या वकिलांच्या मते, एक माल सांगून दुसरा विकणे ही स्वतंत्र बाब आहे आणि गाडीतील बदलाच्या प्रश्नामुळे विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही.

म्हणून मी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर वकिलांमार्फत नोटीस दिली आणि दाद न मिळाल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही. रंग खरवडलेले दोन्ही शॉकअप, व्हर्नियरसह घेतलेली छायाचित्रे, अलाइनमेंटचे जुने-नवे कागद, पैसे पाठवल्याची बँकेची नोंद आणि मिस्त्रींचे सहीचे निवेदन अर्जासोबत जोडले आहे. ज्यांच्या गाडीवर पिवळा रंग उडून आत काळा दिसत असेल, त्यांनी शॉकअप पुसून टाकण्याआधी साक्षीदारासमोर छायाचित्रे काढावीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.