टेबलावरचे दोन काळे फोन

अमेरिकेत पूर्वी टेबलावर उभ्या दांड्याचा फोन असायचा: एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्याने कानाशी नळी, आणि घंटेची पेटी वेगळीच, बहुधा भिंतीवर. पुढच्या दोन फोनांत हे सगळं एका कवचात आलं.

पहिला एरिक्सन या स्वीडिश कंपनीचा, १९३१चा. तो घडला ओस्लोत. आतली रचना अभियंता योहान क्रिस्तियान ब्यर्कनेस यांची, बाहेरचं रूप जाँ हायबर्ग यांचं. हायबर्ग चित्रकार, मातिसचे विद्यार्थी. आणि ते जाणवतं. बेकलाइट हे सुरुवातीच्या काळातलं कठीण प्लॅस्टिक गरम साच्यात दाबून घडवतात, वस्तू साच्यातून सुटायला बाजू थोड्या उतरत्या लागतात. हायबर्ग यांनी त्या सक्तीचंच सौंदर्य केलं. तळाशी रुंद, वर निमुळता होत गेलेला तो देह पाहिला की छोटंसं शिल्पच वाटतं.

दुसरा अमेरिकेच्या बेल या फोन कंपनीसाठी फोन बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचा, ३०२ नावाचा, १९३७चा, डिझायनर हेन्री ड्रेफस यांच्या हातचा. सुरुवातीचं कवच जस्ताच्या मिश्रधातूचं, ओतीव. युद्धकाळात धातू टंचाईत आला तेव्हा प्लॅस्टिकचं. बेल कंपनी फोन विकत नसे, भाड्याने देई. दुरुस्ती तिच्याच माथी, म्हणून टिकाऊपणा आधी, देखणेपणा नंतर. कडा गोलसर, पुसायला सोपा.

दणकटपणात ३०२ला तोड नाही. पण मला निवडायला सांगाल तर मी हायबर्ग यांचाच घेईन. ब्रिटनमध्ये फोनसेवा चालवणाऱ्या टपाल खात्याच्या ३०० मालिकेतल्या फोनांतही त्याचंच रूप उतरलं.