आठ महिने, अकरा ससे: सुती दोरा की अ‍ॅक्रिलिक लोकर?

दिवाळीनंतर भाचीसाठी पहिला ससा विणला, तेव्हा ती सात महिन्यांची होती. आता सव्वा वर्षाची आहे आणि त्याच सशाचा कान तोंडात धरून झोपते. मधल्या काळात घरात आणि शेजारीपाजारी मिळून अकरा ससे, चार हेअरबँड आणि दोन मोबाइलच्या पिशव्या झाल्या. विणताना छान दिसणारी वस्तू आठ महिन्यांनी कशी राहते, हे आता सांगता येईल.

ससा अगदी सोपा आहे. ३० टाके घालायचे आणि सगळ्या सुया (म्हणजे ओळी) सुलट विणत ६० सुया करायच्या की चौकोन तयार. चौकोनाच्या बरोबर मध्यावर आडवा धावदोरा घालायचा. त्याच्या दोन्ही टोकांकडून वरच्या कडेच्या मध्यापर्यंत तिरका दोरा नेला की त्रिकोण होतो. आत भरण ठेवून दोरा ओढला की डोकं फुगतं आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान होतात. मग पाठ शिवायची, पोट भरायचं, खालची बाजू चुण्या घालून बंद करायची. माझ्या ५० ग्रॅमच्या गुंड्यात चार ससे झाले.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुईची. लोकरीच्या लेबलवर १० नंबरची सुई सुचवली होती आणि पहिले दोन ससे मी तिच्यावरच विणले. महिन्याभरात टाक्यांमधून पांढरं भरण डोकावू लागलं. पुढचे सगळे १२ नंबरवर, म्हणजे २.७५ मिलिमीटरच्या, आणखी बारीक सुईवर विणले. हात थोडा दुखतो, पण वीण घट्ट येते आणि एकाही सशातून काही बाहेर आलेलं नाही. खेळण्याला स्वेटरची सैल वीण चालत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आता दोऱ्याबद्दल. सुती सशाचे टाके रेखीव दिसतात आणि हाताला तो गार लागतो, म्हणून मला तोच आवडला होता. पण तो पाणी फार धरतो. जूनमध्ये धुतलेला ससा पंख्याखाली ठेवूनही तिसऱ्या दिवशी पोटात ओलसर होता आणि त्याला कुबट वास येऊ लागला. शेवटी पोट उसवून भरण बदललं. लाल सुती दोऱ्याचा रंगही पांढऱ्या पोटावर उतरला. तेव्हापासून गडद दोऱ्याचा तुकडा आधी पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघते. अ‍ॅक्रिलिकचा ससा मात्र त्याच पावसात रात्रीतून वाळला. त्याच्यावर बारीक गोळे येतात, ते मी कात्रीने हलकेच काढते. सतत तोंडात जाणाऱ्या खेळण्यासाठी मी आता अ‍ॅक्रिलिकच घेते. इस्त्री मात्र त्याला अजिबात लावू नका, वीण कायमची चपटी होते.

भरण म्हणून एकदा उशीतला कापूस वापरला. पहिल्याच धुण्यात त्याचे गठ्ठे झाले. रेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरच्या तंतूंचं भरण, महिनोन्‌महिने फुगीर राहतं. डोळ्यांना मणी, बटणं काही लावत नाही, ते काळ्या दोऱ्याने भरतकाम करून काढते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटून येणारी एकही वस्तू नको.

हेअरबँड दोन सुलट दोन उलट विणले. अ‍ॅक्रिलिकचे अजून डोक्याला धरून बसतात, सुती मात्र चार महिन्यांत सैल पडले. मोबाइलच्या पिशवीचा विणलेला पट्टा वजनाने वीतभर लांबला. दुसऱ्या पिशवीच्या पट्ट्यामागे सुती फीत शिवली, तो अजून जसाच्या तसा आहे.

पाच बांबूच्या सुयांचा संच मोज्यांसाठी घेतला होता. त्यांच्यावरून टाके सहज निसटत नाहीत, म्हणून शिकणाऱ्यांना मी त्याच सुचवते. इतक्या बारीक सुया वाकतात, एक मोडलीही. पण तिघींवर टाके आणि चौथीने विणायचं, काम चालू आहे.

पहिल्या, सैल विणीच्या सशाला मी आतून पातळ मलमलची पिशवी शिवली आहे. नवा घट्ट विणीचा ससा भाचीने दोनदा फेकून दिला, तिला तो जुनाच हवा असतो.