उपवनला दिवाळीचा फॅमिली फोटो: फोटोग्राफर भारी, एडिटिंगने मात्र घात केला

दिवाळीत चांगला फॅमिली फोटो काढायचा हे आमच्याकडे दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली मोबाइलवर उरकतं, त्यात काढणारा कधीच फोटोत नसतो आणि एकाचे तरी डोळे मिटलेले असतात. यंदा म्हणजे २०२५ ला पुण्याहून दीर-जाऊबाई मुलांना घेऊन दिवाळीच्या आधीच्या रविवारीच येणार होते, आजेसासूबाई ८८ च्या, मग म्हटलं जाऊदे, माणूसच बोलवू. ठाण्यातलाच एक फोटोग्राफर, नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. पॅकेज ६५०० चं: एक तास, १५ एडिट केलेले फोटो आणि १२ बाय १८ ची एक फ्रेम. जागा ठाण्यातला उपवन तलाव, आणि आम्ही लहान-मोठे मिळून दहा जण.

आधी चांगलं सांगते. दोन दिवस आधी त्याचा मेसेज आला, सगळ्यांनी एकसारखे टीशर्ट घालू नका, दोन-तीन रंग ठरवा आणि त्यातच फिरा, आणि बारीक चौकडीचा शर्ट नको कारण कॅमेऱ्यात त्यावर विचित्र लाटा उठतात. ह्यांचा नेमका तोच शर्ट इस्त्री करून ठेवलेला, गेला परत कपाटात.

वेळ ठरली साडेचारची, साहेब उगवले पाच वीसला. घोडबंदर रोडला ट्रॅफिक म्हणे. ठाण्यात राहणाऱ्याला घोडबंदरचं ट्रॅफिक ही बातमी आहे का? आणि हा उशीर साधा नाही हो. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो खरा, पण उपवनला पश्चिमेला येऊरचे डोंगर उभे, ऊन त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जातं. आम्हाला ते सोनेरी ऊन मिळालं जेमतेम पंधरा मिनिटं. उपवनला जाणार असाल तर चारलाच उभे राहा, शिवाय रविवारी संध्याकाळी तिथे पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो तो वेगळा.

पण एकदा कॅमेरा हातात घेतल्यावर पोरगा भारी होता, खोटं का बोलू. आम्ही आपले शाळेच्या फोटोसारखे उंचीप्रमाणे उभे राहिलो तर त्याने सगळी रांग मोडली. आजींना खुर्ची, सासूबाई खुर्चीच्या हाताला टेकून, मुलं खाली, कोणाचीच डोकी एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. माझ्या जाऊबाई जेमतेम पाच फूट आणि दीर सहा, तर गाडीतून चक्क एक लाकडी पाट काढला आणि त्यावर त्यांना उभं केलं, पैठणीच्या खाली पाट दिसतोय कोणाला! मागच्या रांगेला सारखं "एक पाऊल पुढे या", कारण दोन रांगांत अंतर पडलं की मागचे धूसर होतात. आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला. मोबाइलवर वाइड लेन्सने जवळून ग्रुप काढला की कडेची माणसं पसरट दिसतात, दरवर्षी मी कडेला असते त्यामुळे हे मला पटलंच.

डोळे मिटण्यावर त्याचा उपाय सोपा आहे, सगळ्यांनी आधीच डोळे मिटायचे आणि तीन म्हटलं की उघडायचे. सासऱ्यांच्या चष्म्यावर फ्लॅश चमकत होता तर लाइट वर चढवला आणि त्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगितली, चमक गायब. हसण्यासाठी चीज वगैरे काही नाही, "चकली म्हणा", शेवटच्या "ली" ला तोंड आपोआप हसरं होतं. फक्त सासऱ्यांनी लगेच विचारलं भाजणी दळून आणली का, सासूबाई म्हणाल्या तुम्हीच जाणार होतात ना, तो फोटो पण आहे.

आता तक्रार. फोटो आले १७ तारखेला, वसुबारसेच्या रात्री. आजींना मोबाइलवर दाखवला तर त्या म्हणाल्या, "ही कोण म्हातारी?" नीट बघितलं तर कपाळावरचं गोंदण गायब! तीन हिरवे ठिपके, लग्नाआधी माहेरी गोंदलेले, सत्तर वर्षं तरी झाली असतील. चेहरा गुळगुळीत करताना डाग समजून पुसून टाकले, सुरकुत्या पण अर्ध्या गेल्या. साठीच्या सासूबाई आणि ८८ च्या आजी बहिणी दिसत होत्या. फोन केल्यावर त्याने निमूटपणे, पैसे न घेता दुसऱ्या दिवशी बदलून दिलं, हे मान्य. पण एडिट करणाऱ्याने मूळ फोटो शेजारी ठेवून बघायला नको का? तुम्ही आधीच सांगून ठेवा, तीळ, व्रण, गोंदण यांना हात लावायचा नाही.

दुसरं, मिळालेल्या फाइल्स लांबीला २०४८ पिक्सेलच्या. मोबाइलवर झकास दिसतात, पण १८ इंची प्रिंटला इंचाला ३०० धरले तर ५४०० लागतात. मोठ्या फाइल्सचे वेगळे १५०० मागितले, जे बुकिंगच्या वेळी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. घासाघीस करून फक्त तीन फोटोंच्या घेतल्या. आणि त्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायच्या तर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नाहीतर परत बारीक होऊन येतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. पुढच्या वर्षी परत त्यालाच बोलवू, पण वेळ आणि फाइल्सचं मेसेजवर लिहून घेऊन.

फ्रेम धनत्रयोदशीच्या ऐवजी पाडव्याला आली. आजींनी चष्मा लावून आधी कपाळ तपासलं. काच साधीच दिलीय, समोरची ट्यूब त्यात लख्ख दिसते, म्हणून हॉलमधून काढून सध्या पॅसेजमध्ये लावलीय.