शिवाजी पेठेतलं जुनं कौलारू घर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा राहिल्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सागवानी खांबांचं एक जुनं दुमजली घर आम्ही घेतलं, दुरुस्त केलं आणि आता तिन्ही ऋतू त्यात काढून झाले. पेठांमधली अशी घरं सध्या बरीच विकायला निघतात. मुलं पुण्या-मुंबईला, वारस चार गावांत, आणि घेणारा बहुतेक वेळा पाडून अपार्टमेंट बांधणारा. पाडायला नव्हे, राहायला घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. घरावर आमचा जीव जडला आहे, हे आधीच सांगून टाकते. पण बघायला गेल्यावर नजर जिथे खिळते, म्हणजे नक्षीचे खांब, जाड दार, भिंतीतले कोनाडे, त्यावर निर्णय घेऊ नका. पाण्यावर घ्या. नदीचं पाणी, छपरातलं पाणी, जमिनीतून भिंतीत चढणारं पाणी आणि शेजाऱ्याच्या गच्चीवरून पडणारं पाणी.

नदीचं सगळ्यात आधी, कारण त्याला दुरुस्ती नाही. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट आहे. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर या भागांत पाणी शिरलेलं सगळ्या शहरानं पाहिलं. मातीत बांधलेली भिंत चार दिवस पाण्यात उभी राहिली की आतून मऊ होते, वरून ती कितीही शाबूत दिसो. म्हणून अशा भागातलं एक फार देखणं घर, आमच्या घरापेक्षा स्वस्त असूनही, आम्ही सोडून दिलं. पूररेषेचा नकाशा बघाच, पण गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना 1989 आणि 2005 सालीही पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

आमचं घर चढावर आहे. बाहेर सोपा म्हणजे ओसरी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि छोटं परसू. जोतं काळ्या दगडाचं, वरच्या भिंती विटांच्या, मातीत रचलेल्या, वर मंगळुरी कौलं. दाखवणाऱ्या एजंटानं कौलावरचा बासेल मिशनचा छाप दाखवून "घर 1865 चं आहे" असं सांगितलं होतं. 1865 हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं साल, आणि ते पुढेही कौलांवर छापलं जात राहिलं. घराचं वय त्यावरून कळत नाही. ते जुन्या कागदांतूनच काढावं लागतं.

एकूण खर्चाचा जवळपास निम्मा भाग छपरानं खाल्ला, आणि तो योग्य जागी गेला असं मी आजही म्हणेन. छप्पर खालून बघून कळत नाही. भर दुपारी माळ्यावर चढून दारं बंद करा: जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथून जुलैत पाणी येणार. समोरच्या गच्चीवर जाऊन आढ्याची रेघ बघा, मध्ये झोळ असेल तर खालची तुळई किंवा वासे दमलेत. आमच्या सुतारानं प्रत्येक वाशावर हातोडीची मूठ वाजवून पाहिली. चांगलं लाकूड खणखणतं, वाळवीनं खाल्लेलं बद्द वाजतं. आणि त्यानं एक गोष्ट शिकवली जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. तुळईचा मधला भाग बघून समाधान मानायचं नाही. ती भिंतीत जिथे शिरते ते टोक तपासायचं. ओल तिथे मुरते, हवा लागत नाही, आणि सागही तिथूनच कुजतो. आमच्या माजघरावरच्या दोन तुळयांची टोकं टोच्यानं टोचली तर आत भुसा होता. मधला भाग इतका उत्तम होता की सुतारानं फक्त टोकं कापून नवीन लाकडाचा जोड दिला आणि खाली आधाराला दगडी तोडा बसवला. सगळी तुळई बदलायला सांगणारे कंत्राटदार आधी येऊन गेले होते. म्हणून जुन्या घराला आधी सुतार न्या, इंजिनिअर त्यानंतर. दोघंही लागतातच.

भिंतींबद्दल माझं मत फार ठाम आहे. मातीत रचलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. जमिनीतली ओल जोत्यातून थोडी वर चढतेच, जुन्या घरांना ओल अडवणारा थर नसतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून वाळते. सिमेंटनं वाट बंद केली की ती आणखी वर चढते, आतल्या आत क्षार साठतात, लोणा लागतो आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. घर बघताना भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांकडे नीट बघा. वर जुना रंग आणि खाली ताजा पट्टा असेल तर तो का मारला ते विचारा. आमच्या सोप्यात आधीच्या मालकांनी सिमेंट केलं होतं. ते सगळं खरवडून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली आणि मग चुना केला. चुन्याचं काम जाणणारे गवंडी शोधायला वेळ लागतो, काम हळू चालतं, थर वाळेपर्यंत थांबावं लागतं. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, संपणार कधी हे?" पण पावसाळ्यात सोप्याच्या भिंतीला हात लावला तर ती कोरडी होती, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या नव्या इमारतीच्या जिन्यात पोपडे निघाले होते. एप्रिलच्या दुपारी आमच्या माजघरात पंख्यावर भागतं, तेही या जाड भिंतींमुळेच.

सामाईक भिंत हा पेठेतल्या घरांचा वेगळाच विषय. दोन्ही बाजूंना चिकटून घरं, आणि त्यातलं एक पाडून स्लॅबचं झालेलं असतं. त्याच्या गच्चीचं पाणी पाइपातून कुठे पडतं? आमच्याकडे ते थेट आमच्या भिंतीवर पडत होतं. शेजारचे काका भले, बोलणं झालं, पाइप वळवला, खर्च आम्ही केला. पण हे बोलणं खरेदीआधी करावं. व्यवहार झाल्यावर सगळेच इतके मोकळे असतील असं नाही.

कागदांसाठी चांगला वकील गाठा आणि घाई करू नका. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढल्यावर त्यावरचा सत्ता प्रकार, म्हणजे जमीन कुठल्या हक्कानं धरलेली आहे ते, वाचा. तिथे 'ब' असेल तर जमीन शासनाची भाडेपट्ट्यानं दिलेली असू शकते आणि प्रकरण जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत जातं. किमान 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्या. वारसांमध्ये बहिणी आहेत का ते आवर्जून बघा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तरी "बहिणींचं काही म्हणणं नाही" हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं. म्हणणं नसेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं, किंवा त्यांची खरेदीपत्रावर सही. आमच्या व्यवहारात तिन्ही बहिणी सहीला आल्या, आणि घर कुणाच्या हातात जातंय ते त्यांनाही बघायचं होतं, याचा मला आनंद झाला. खालच्या मजल्यावर जुना भाडेकरू असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे. "ते निघतील हो" यावर विसंबू नका. घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस, रस्ता रुंदीकरणाची रेषा, हेरिटेज यादीत नाव आहे का, हे सगळं महापालिकेत जाऊन स्वतः विचारा. दर्शनी सोप्यातूनच रुंदीकरणाची रेषा जात असलेलं एक घर आम्हाला दाखवलं गेलं होतं. बँका जुन्या बांधकामावर हात आखडता घेतात, तेव्हा कर्जाची चौकशी विसार देण्याआधी करा.

वायरिंग पूर्ण नवीन करा, अर्थिंगसकट. त्यात काटकसर नको.

त्रासाचंही सांगते. आमच्या गल्लीत डंपर येत नाही. राडारोडा पाट्यांनी कोपऱ्यावरच्या टेम्पोपर्यंत वाहावा लागला आणि मजुरीचा आकडा अंदाजाच्या बराच वर गेला. गाडी रोज लांब लावावी लागते. जिना उभा आहे, सासूबाई वर जात नाहीत, म्हणून त्यांची खोली खाली केली. पहिल्या मोठ्या पावसात दोन ठिकाणी ठिबकलं. मांजरांनी कौलं सरकवली होती. कौलारू घराला दरवर्षी मृगाआधी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, लागतेच, तो खर्च कायमचा धरा. आम्ही पाडकामातून निघालेली जुनी कौलं विकत घेऊन परसात रचून ठेवली आहेत, कारण त्याच मापाची नवीन मिळतीलच असं नाही.

घर बघायला आषाढात जा. विकणारे दिवाळीनंतरची तारीख सुचवतील, तेव्हा भिंती वाळलेल्या आणि रंग ताजा असतो. धो-धो पाऊस सुरू असताना तासभर त्या घरात बसून राहा, माळ्यावर जा, वळचणीचं पाणी कुठे पडतं आणि परसातून कुठे वाहून जातं ते बघा. त्या एका तासानंतर आम्ही किंमत कमी करून मागितली आणि ती मिळाली. आमच्या न्हाणीचं काम अजून बाकी आहे, जुना दगड ठेवून नवीन निचरा करायचा आहे. जुन्या न्हाणीचं असं काम चांगलं करणारा गवंडी तुमच्या माहितीत असेल तर जरूर कळवा.