जुने फोटो हातात घेऊन मुंबई फिरवणारी फेरी: बाबांना घेऊन गेले होते, कशी झाली ते सविस्तर

बाबांना ८१ पूर्ण झाली. गिफ्ट काय द्यायचं हा दरवर्षीचा प्रश्न, शर्ट कपाटात घडी न मोडता पडलेत, मग ऑफिसमधल्या मैत्रिणीने एका फेरीचा मेसेज फॉरवर्ड केला. महिन्यातून दोन रविवार, सकाळी ७ ला काळा घोडा, जास्तीत जास्त १२ माणसं, माणशी ५०० रुपये, चहा-नाश्ता त्यातच. चालवणारे दोघंच, एक आर्किटेक्ट ताई आणि तिच्यासोबत फोटो स्कॅन करणारा एक मुलगा. मेसेजमध्ये शेवटी एक ओळ होती, "घरात मुंबईचे जुने फोटो असतील तर घेऊन या, कुठलेही चालतील." त्या एका ओळीवर मी बुकिंग केलं, कारण बाबांचं सगळं बालपण गिरगावातलं आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात लोफ्टवर एक पत्र्याची पेटी आहे ज्यात फक्त फोटो आहेत.

हेरिटेज वॉक मी आधी दोनतीन केलेत. त्यात एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात, मान वर करून कमानी बघायच्या आणि पुढे जायचं. इथे पद्धत वेगळी आहे. प्रत्येकाच्या हातात ए४ साइजचा जुन्या फोटोचा प्रिंट देतात आणि सांगतात की फोटोग्राफर जिथे उभा होता ती जागा तुम्ही शोधा. आधी फोटोतली न बदललेली एक गोष्ट शोधायची, मग तिच्यामागे काय येतंय, तिच्यापुढे काय येतंय ते बघत डावीकडे-उजवीकडे सरकायचं, दोन पावलं मागे जायचं, आणि मग एका क्षणी सगळं बसतं. ते बसलं ना की अंगावर काटा येतो, खरंच सांगते. काळ्या घोड्याच्या फोटोत डेव्हिड ससून लायब्ररीचा तो मालाडी दगडाचा पिवळा दर्शनी भाग आम्हाला खूण म्हणून मिळाला, त्याच्यावरून आम्ही सगळे बारा जण हळूहळू एकाच ठिकाणी येऊन धडकलो. फोटोत जहांगीर आर्ट गॅलरी नाही कारण ती १९५२ ची, आणि मधोमध तो घोडा, खरा काळा घोडा, स्वारासकट. स्वार म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, जो पुढे सातवा एडवर्ड झाला, अल्बर्ट ससूनने शहराला दिलेला पुतळा, १८७९ चा. १९६५ मध्ये तो तिथून काढला, आता राणीच्या बागेत आहे. आत्ता तिथे जो घोडा दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, त्याच्यावर स्वार नाही. बाबा म्हणाले, "मी एकवीस वर्षांचा होतो की तेव्हा, आणि घोडा गेला तरी बस कंडक्टर काळा घोडाच ओरडायचे."

वॉटसन हॉटेलसमोर थोडा वेळच थांबलो पण तेवढा पुरला. ही बिल्डिंग गेलेली नाही, उभी आहे, रिकामी करून ठेवलेली. बिडाचा सांगाडा इंग्लंडहून सुट्या भागांत जहाजाने आणून इथे जोडला होता आणि ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथेच दाखवला गेला. हातातल्या फोटोत सगळ्या मजल्यांवर लांबच लांब गॅलऱ्या, खाली घोडागाड्या. मान वर केली की तोच सांगाडा आणि त्याची ही अवस्था. फोटोतली बिल्डिंग पूर्ण नाहीशी झालेली असली तर एक प्रकारचं वाईट वाटतं, पण डोळ्यांसमोर झिजत असलेली बघितली की जास्त त्रास होतो.

फ्लोरा फाउंटनला ताईने एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. कारंजं १८६९ चं. त्या सुरुवातीच्या काळातला प्रिंट हातात होता आणि आमच्यातल्या एका काकूंनी अगदी सहज म्हटलं, तेव्हा किती शांत होतं ना सगळं, रस्त्यावर माणूसच नाही. तर ताईने भिंग दिलं आणि म्हणाली, "काकू, रस्त्याच्या कडेला बघा, धुरकट डाग आहेत ते काय आहे?" ती माणसं होती! त्या काळच्या ओल्या काचेच्या निगेटिव्हला काही सेकंद उजेड द्यावा लागायचा, त्या सेकंदांत जो हलला तो फोटोतून पुसला गेला आणि जो उभा राहिला, बसून राहिला, झोपलेला होता, तोच उमटला. म्हणून जुन्या फोटोंतले रस्ते ओस दिसतात, पण हमाल, भिस्ती, गाडीवाले सगळे तिथेच चालत होते, फक्त कॅमेऱ्याला दिसले नाहीत. मी इतकी वर्षं ते फोटो बघून "काय सुंदर मोकळी मुंबई होती" म्हणत आले. आता प्रत्येक जुन्या फोटोत आधी तो धूर शोधते.

तिथेच कोटाचं कळलं. फोर्ट फोर्ट म्हणतो आपण, पण फोर्ट कुठाय हे कधी विचारलंच नव्हतं. कोटाला तीन दरवाजे, अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट, आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात १८६० नंतर तट पाडून टाकला. त्यातलं चर्च गेट साधारण फ्लोरा फाउंटनच्या जागी. सेंट थॉमसच्या चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून चर्च गेट, आणि त्याचं नाव लागलं तिथून लांब असलेल्या स्टेशनला. इथे त्यांनी फोटो नाही, नकाशा दिला. पायाखाली तटाची रेघ कुठून जाते ते आम्ही चालून बघितलं. रॅम्पार्ट रो हे नाव त्या तटावरूनच आलेलं, आता के. दुभाष मार्ग झालाय. आणि कारंज्याच्या दुरुस्तीच्या वेळी खणताना ट्रामचे रूळ निघाले होते, ते कळल्यावर बाबा सुटलेच. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली, बाबा वीस वर्षांचे. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा ते त्यांनी फुटपाथवर पाय आपटून करून दाखवलं आणि चालत्या ट्राममधून उतरताना पुढच्या दिशेनेच तोंड करून उतरायचं नाहीतर आपटलाच, हे आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांना शिकवलं. दादर टीटी मधला टी ट्रामचा हे त्यातल्या दोघांना माहीतच नव्हतं.

आता तक्रारी. पहिली, प्रिंट लॅमिनेट केलेत, आणि साडेआठनंतर ऊन आलं की चकाकतात, प्रत्येकजण फोटो तिरपा करून बघतोय. मॅट कागदावर काढा आणि साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये द्या, मी त्यांना तिथेच सांगितलं. दुसरी, वयस्कर माणसांना बसायला मध्ये काहीच सोय नाही, फाउंटनपासून मरीन लाइन्सपर्यंत आम्ही टॅक्सी केली, बाकीचे चालत आले. टॅक्सीचे पैसे आपले आपण. तिसरी, बाथरूमचं आधी सांगायला हवं, बायकांसाठी हा साधा मुद्दा नाही.

चौथी खरं तर चूक होती आणि ती बाबांनी पकडली. मरीन लाइन्सच्या पुलावर उभं राहून बघायचा फोटो, भराव पडायच्या आधीचा. आज जिथे मरीन ड्राइव्ह आहे तिथे पाणी, १९२० आणि ३० च्या दशकांत भराव घातला त्याच्या आधी समुद्र जवळजवळ रुळांपर्यंत यायचा. फोटोत रूळ, पलीकडे पाणी, लांबवर मलबार हिल. सगळे वाहवा करतायत आणि बाबा गप्प. फोटो खाली-वर करून बघितला, मग म्हणाले, "अगं पोरी, हे उलटं आहे. मी छत्तीस वर्षं चर्चगेटची गाडी पकडली, चर्चगेट सोडलं की समुद्र डाव्या हाताला. यात उजवीकडे कसा?" ताईने मोबाईलवर फोटो आडवा पलटवला, परत डोंगराकडे बघितलं, आणि सगळं जागेवर बसलं. काचेची निगेटिव्ह कधीतरी कुणीतरी उलट्या बाजूने छापली होती आणि तोच फोटो तसाच फिरत राहिला. एखादी पाटी असती तर अक्षरं उलटी दिसून कळलं असतं, इथे पाटी नव्हती, पाणी आणि डोंगर. तिने लगेच वहीत लिहून घेतलं, सगळ्यांसमोर "काका, थँक यू, सहा महिने आम्ही हा चुकीचा दाखवतोय" असं म्हणाली. मला ही गोष्ट फार आवडली. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी बघा बदललाय का ते.

रूळ पूर्वी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जायचे हेही तिथेच कळलं, १९३० च्या शेवटी कुलाबा स्टेशन बंद झालं, आज तिथे बधवार पार्क. छत्तीस वर्षं रोज शेवटचं स्टेशन म्हणून चर्चगेटला उतरलेल्या माणसाला हे ८१ व्या वर्षी कळलं.

मग धोबी तलाव, क्याणी या इराणी हॉटेलात ब्रून मस्का आणि चहा, सगळ्यांना टेबलं मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली पण चालतं. तलावाची गंमत म्हणजे तलाव खरंच होता, तो बुजवला आणि फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची बिल्डिंग त्या जागेवर आली. सी. पी. टँक, गोवालिया टँक, नावं राहिली, पाणी गेलं. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमाच्या जागी थांबलो, जिथे आता शॉपिंग सेंटर आहे. १४ मार्च १९३१ ला इथे 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट. आज त्या सिनेमाची एकही प्रिंट शिल्लक नाही आणि थिएटरही नाही, दोन्हीचं काय ते फोटोंतच उरलंय. बाबा काहीच बोलले नाहीत इथे, पाटीकडे बघत उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी तो तिथेच बघितला होता, घरात कितीदा ऐकलंय आम्ही.

शेवटचा तास ज्याने त्याने आणलेल्या फोटोंचा, आणि माझ्या मते ५०० रुपये या तासाचेच आहेत. कारण सकाळपासून जे बघितलं ते बहुतेक साहेबाचं शहर होतं, हॉटेल, कारंजं, पुतळे. फोटोग्राफर गोरे होते म्हणूनच असं नाही, १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्यात डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजीही होते आणि ते चांगले फोटो काढायचे. पण एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याने कोण गिरगावातल्या गल्लीचा फोटो काढायला जाणार? गल्ली उमटली ती घरच्या फोटोंत, मागे, चुकून.

आमचा फोटो आत्याच्या लग्नाचा, १९५८. चाळीच्या अंगणात मांडव, आत्या मुंडावळ्यांत, आजी नऊवारीत, बाबा चौदा वर्षांचे हाफ पँटमध्ये कडेला. आयुष्यभर आम्ही त्यातली माणसंच बघितली. स्कॅन करणाऱ्या त्या मुलाने भिंग लावून माणसांच्या मधली जागा बघायला सुरुवात केली. आजीच्या खांद्यामागे गॅलरीचा लाकडी कठडा, त्यावर वाळत घातलेलं धोतर. त्याच्या बाजूला दुकानाची अर्धी पाटी, "...णि मंडळी" एवढंच. आणि मांडवाच्या कापडाच्या वर, अगदी कोपऱ्यात, एका देवळाच्या शिखराचं टोक. बाबा म्हणाले ते देऊळ आहे अजून. चाळ गेली, रिडेव्हलपमेंटमध्ये तिथे आता टॉवर आहे. आम्ही दहा मिनिटं चालत गेलो सगळे, कुणी घरी गेलं नाही. सकाळचीच पद्धत, शिखर पकडायचं आणि सरकत राहायचं. "काका, अजून डावीकडे. थोडं मागे." टॉवरच्या वॉचमनने आधी हटकलं, मग फोटो बघितला आणि गेटच्या आत येऊ दिलं. शिखराचं टोक बरोबर आलं तेव्हा बाबा पार्किंगच्या उताराच्या तोंडाशी उभे होते. तिथे अंगण होतं. पाटी "कदम आणि मंडळी", वाणसामानाचं दुकान, हे त्यांना तिथे उभं राहिल्यावर आठवलं, घरी बसून शंभर वेळा विचारलं असतं तरी आठवलं नसतं.

फोटो स्कॅन करायला त्यांनी ठेवून घेतला, मला जरा धाकधूक होती, पण सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी कुरिअरने परत आला, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नीट, सोबत ६०० डीपीआयची फाइल. आणि काही सूचना दिल्या त्या सगळ्यांच्या कामाच्या आहेत म्हणून लिहिते. मूळ फोटो कधीच लॅमिनेट करू नका. चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर तो डिंक हळूहळू फोटो खातो, काढा, पण ओढून नाही, निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. आणि फक्त नावं नाही, जागाही लिहा, कुठल्या बाजूला तोंड करून काढलाय तेही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा लॅमिनेशनचा आणि बसायच्या सोयीचा कापला. साडेतीन तास लागतात, आमचे पाच झाले. ऐंशीच्या पुढचं माणूस नेत असाल तर घडीचं स्टूल आणि पाण्याची बाटली न्या, पावसाळा सोडून न्या, आणि फोटो न्याच, एक तरी.

काल रात्री बाबांनी पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. जेवणाचं टेबल सध्या वापरता येत नाहीये, त्यावर फोटो पसरलेत आणि ते पेन्सिल घेऊन बसलेत.