गिरच्या नावाखाली खुरपका (लाळ्या-खुरकूत रोग) घरात आणला

एक लाख सहासष्ट हजार एकशे चाळीस. दोन गाई १,३८,०००, गाडीभाडं ९,५००, औषधपाणी १८,६४०. बुडालेलं दूध आणि मेलेलं वासरू यात धरलेलं नाही.

इंदूरजवळच्या राऊच्या पुढे आमचा गोठा आहे. चार संकरित गाई, रोजचं सव्वीस लिटर. दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला, "भैया, सौराष्ट्र की असली गिर है, टीके लगे हुए हैं." दाखला होता, त्यावर गोल शिक्काही होता. मी काही पहिल्यांदा जनावर घेत नव्हतो. कास, सडं, दात, सगळं बघून घेतलं. कान मात्र बघितला नाही.

खरं तर आईने बघितला होता. गाय गाडीतून उतरताना म्हणाली, "अरे, हिचा कान ओला कसा?" कानातल्या पिवळ्या नंबराच्या बिल्ल्याखाली ताजं रक्त होतं आणि शेजारीच जुनं, भरत आलेलं भोक. मी म्हटलं, माश्यांनी खाल्लं असेल. तिथेच गाडी परत फिरवायची होती! पण २१,००० बयाणा देऊन बसलो होतो आणि ड्रायव्हर घाई करत होता. डॉक्टरांनी नंतर बिल्ल्याचा बारा आकडी नंबर तपासला, तर रेकॉर्डवर म्हैस निघाली. म्हणजे बिल्ला दुसऱ्याच जनावराचा.

चौथ्या दिवशी लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांत जखमा. त्या गिर थोडक्यात सावरल्या. देशी जनावराला हा रोग बहुधा सौम्य जातो. कोसळल्या त्या घरच्या संकरित. दूध सातवर आलं. वासरू आचळाला लागलेलं असतानाच गेलं. हा विषाणू कोवळ्या वासराचं हृदयच धरतो म्हणे. आमची लसीची मागची फेरी चुकली होती, कबूल. लसवाले आले तेव्हा आम्ही देवासला लग्नात होतो. म्हणून विकणाऱ्याला माफी?

ठाण्यात ऐकवलं, "लेन-देन का मामला है, कोर्ट जाओ." पशुवैद्यकीय कार्यालय म्हणालं, दाखला आमचा नाही, जिथला आहे तिथे विचारा. तिथला फोन कुणी उचलत नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० वर फोन केला, तर पैसे तुम्हीच पाठवलेत ना, असा सवाल! आणि जनावरांच्या साथरोगांच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे रोगाची खबर देणं हे माझं, मालकाचं काम. ती द्यायला गेलो तर साहेब दौऱ्यावर. तीन चकरा मारल्या. तोवर दलालाचा नंबर बंद.

बिल्ल्याचा नंबर पैसे देण्याआधी तपासून घ्या. दाखल्यावरच्या शिक्क्यावर जाऊ नका, तो कुणीही मारतो. नवं जनावर किमान तीन आठवडे वेगळं बांधा, त्याची बादली वेगळी, चपला वेगळ्या. धुण्याच्या सोड्याचं चार टक्क्यांचं पाणी पाय बुडवायला दारात ठेवा. मी ठेवलं, पण वासरू गेल्यावर.

काल शेजारच्या पाटीदारांच्या गाईला लाळ सुटली. आमची दुधाची बादली दोन दिवस त्यांच्याकडे होती. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी जातोय.